प्रत गहाळ

४ जून, बुधवार

संचालकबाईंनी आज सगळ्या कर्मचाऱ्यांना वाचनकक्षात बोलावलं आणि उभ्या उभ्या जाहीर केलं: विद्यापीठात आजवर सादर झालेले सगळे प्रबंध सगळ्या जगाला खुले करायचे, संकेतस्थळावर टाकायचे. ओळखपत्र नको, शिफारसपत्र नको, कुणाची सही नको. "लोकांच्या जिवावर झालेलं संशोधन लोकांना वाचता आलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बत्तीस वर्षं मी तळघरातला प्रबंध विभाग सांभाळतोय. आमच्याकडे प्रबंध वाचायचा म्हणजे मार्गदर्शकाचं पत्र, विभागप्रमुखांची सही, आणि मग माझ्या टेबलासमोरच्या चार खुर्च्यांपैकी एकीवर बसून, फक्त पेन्सिल घेऊन. एकदा एकजण शाईचं पेन घेऊन आला होता. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो संशोधनच सोडून गेला, असं लोक सांगतात. खोटं आहे. त्याला नोकरी लागली होती.

यादी पडताळायचं काम माझ्याकडे आलं. नोंदवहीप्रमाणे प्रबंध ३,८१२. पैकी 'प्रत गहाळ' असा शेरा असलेले नऊ. संचालकबाई म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत नऊच? कमाल आहे तुमची." मी मान डोलावली.

त्या नऊपैकी आठ खरोखर गहाळ आहेत.

८ जून, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी सकाळी साडेनऊला येतो. "चहा झाला?" "झाला." "गुडघा कसा आहे?" "आहे." "गोळ्या घेता ना?" "घेतो." ती दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत आहे, दिवसभर बाटल्या तपासते. कसल्या, ते मी कधी नीट विचारलं नाही, आणि आता विचारावं तर इतकी वर्षं का नाही विचारलं, असं होईल. पाच मिनिटांत आमचं बोलणं आटपतं. भांडण वगैरे काही नाही. लोक म्हणतात, पोरीला एकट्याने वाढवलंत, केवढं घट्ट नातं असेल तुमचं. आहे. शिस्तीचं आहे.

आज ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्याकडचे सगळे प्रबंध खुले होणार म्हणे. बातमी वाचली."

"हो."

"सगळे?"

"जेवढे आहेत तेवढे."

"हं," म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. तिकडे कुणी आलं असावं. मग "बरं, ठेवते" म्हणून ठेवला.

११ जून, बुधवार

यादी संकेतस्थळावर गेली. प्रत्येक नावापुढे एक बटण दिलंय, 'प्रत हवी'. ते दाबलं की वाचकाचा निरोप माझ्या संगणकावर येतो. नाव येत नाही, नुसता वाचक क्रमांक. संचालकबाईंचं म्हणणं, कोण वाचतंय हे आपल्याला कळायची गरजच काय. गहाळ प्रतींच्या पुढेही ते बटण राहून गेलं. मी सांगायला हवं होतं.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला निरोप आला. वाचक क्र. ४१७. 'या प्रबंधाची प्रत मिळू शकेल का?' खाली प्रबंधाचं नाव: शहरातील चाळीस जुन्या विहिरींच्या पाण्यातील क्षार.

मी उत्तर लिहिलं: 'सदर प्रबंधाची प्रत ग्रंथालयात उपलब्ध नाही. सबब आपली विनंती मान्य करता येत नाही.' बावीस वर्षांत हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आणि वेळ अकरा दहाची. तो लिहिणारी विद्यार्थिनी होती तेव्हा याच वेळेला जिना उतरून खाली यायची आणि चार नंबरच्या खुर्चीवर बसायची.

१२ जून, गुरुवार

ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तेव्हा इथे तरी सरळ लिहितो.

प्रबंध माझ्या बायकोचा आहे. तो गहाळ नाही. मी लपवलाय. ग्रंथालयात पुस्तक नष्ट करायला आग लावावी लागत नाही, चुकीच्या जागी ठेवलं की पुरे. मी त्याला तपकिरी कागदाचं वेष्टण घातलं, त्यावर 'परीक्षा वेळापत्रके, खंड २३' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि एकसष्ट नंबरच्या रॅकवर बावीस आणि चोवीसच्या मधे ठेवून दिलं. जुनी वेळापत्रकं मागायला कोण येतंय! खरा तेविसावा खंड रद्दीत गेला. नोंदवहीत प्रबंधापुढे 'प्रत गहाळ' लिहिलं, तारीख घातली, सही केली. या नोकरीत मी केलेली ही एकमेव खोटी नोंद.

त्याआधी चार वर्षं, म्हणजे ती गेल्यापासून, तो आपल्या जागेवर बिनबोभाट होता. मग लेक आठ वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, मला आईचं पुस्तक दाखवा." मी म्हटलं, ग्रंथालयात आहे, बघू. त्याच आठवड्यात मी वेष्टण चढवलं. मग तिला सांगितलं की पुस्तक हरवलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. लहान मुलांचं काय, विसरून जातात.

१९ जून, गुरुवार

स्कॅनिंग सुरू झालं. कंत्राटावर जी बाई आलीय तिला पाहून मी थक्कच झालो. आमच्या फाटकासमोर टपरीत बसून तीस वर्षं प्रबंध टाइप करणाऱ्या टायपिस्टबाई! चौसष्ट वर्षांच्या आहेत. टाइपरायटर बंद पडल्यावर कुठे होत्या कोण जाणे. मला म्हणाल्या, "साहेब, अर्धे प्रबंध माझ्याच हातचे आहेत. तेव्हा एकेक अक्षर बडवून आत घातलं, आता पानं उलटून बाहेर काढायचं. चांगलंय, बडवावं लागत नाही."

काम मात्र चोख. रॅक एक, रॅक दोन, क्रमाने. नियम असा की दोन पुठ्ठ्यांच्या मधे जे असेल ते सगळं घ्यायचं, कोरं पानसुद्धा.

अकरा दहाला पुन्हा ४१७. 'आपल्या यादीत या प्रबंधाची पृष्ठे २१२ अशी नोंद आहे. म्हणजे कुणीतरी ती मोजली असणार. ज्याने मोजली त्याला प्रत शेवटची कुठे पाहिली ते आठवतं का, कृपया विचाराल?'

मोजली मीच होती. मी तेच उत्तर पुन्हा पाठवलं.

२४ जून, मंगळवार

रोज संध्याकाळी निघताना मी खुर्च्या टेबलाला लावून जातो. सकाळी चार नंबरची ओढलेली असते. आज तिसऱ्यांदा. मागे कुणी बसून गेल्यासारखी थोडी तिरपी. टायपिस्टबाई सकाळी आठलाच येतात, त्यांना विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार? तुम्हाला कुणी दिसलं का?

२९ जून, रविवार

लेकीचा फोन. गुडघा, गोळ्या. मग तिने विचारलं, "बाबा, हरवलेली पुस्तकं कधी सापडतात का हो?"

मी म्हटलं, "क्वचित."

"सापडली तर कुठे सापडतात?"

मी म्हटलं, "भलत्याच ठिकाणी." ती हसली, पण हसू नीट नव्हतं. तिचा आवाज आता अगदी तिच्या आईसारखा झालाय. म्हणूनच मला तिच्याशी फोनवर फार वेळ बोलवत नाही. हे तिला सांगण्यासारखं नाही.

३ जुलै, गुरुवार

आज अक्षर वाईट येईल.

अकरा दहा. ४१७. 'प्रत नसेल तर निदान एवढं कुणाला आठवतं का: नऊ नंबरच्या विहिरीत कासव होतं, त्याची नोंद प्रबंधात आहे का?'

कासव होतं. प्रबंधात त्याचा उल्लेख नाही, क्षारांच्या प्रबंधात कासव कोण लिहील? आम्ही रविवारी गेलो होतो. तिने दोरीला बाटली बांधून खाली सोडली आणि ते वर आलं, ताटलीएवढं, हिरवट, बाटलीला नाक लावायला. ती इतकी हसली की नमुना सांडला. तिथे आम्ही दोघंच होतो. पोर होती म्हणा कडेवर, पण साडेतीन वर्षांची, तिला काय कळतंय. हे जगात फक्त दोघांना माहीत आहे आणि त्यातला एक मी.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण पाय आपोआप एकसष्ट नंबरच्या रॅककडे गेले. खंड बावीस होता. त्यानंतर एकदम पंचवीस होता. मधली जागा रिकामी, धुळीत चौकोन उमटलेला.

नेलं तिने.

४ जुलै, शुक्रवार

कामावर गेलो नाही. बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. शेरा आता खरा झाला, हाच विचार दिवसभर.

९ जुलै, बुधवार

चार दिवस प्रत्येक रॅकच्या मागे हात घालून पाहिलं. शेवटी आज टायपिस्टबाईंनीच चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि चार नंबरची खुर्ची ओढून बसल्या. सराईतपणे. म्हणाल्या, "सकाळी इथेच टेकते मी, पाय आखडतात. तुम्ही काय शोधताय ते मला माहितीय."

मी नोंदवहीची पानं उलटू लागलो.

"स्कॅनरचं टेबल डुगडुगत होतं. पायाखाली घालायला दोन जाड खंड हवे होते, वेळापत्रकाचे आणले. पण मी पुस्तक न उघडता पायाखाली घालत नाही, सवय आहे. चोविसात वेळापत्रकं होती. तेविसात माझंच टायपिंग निघालं. माझ्या मशीनचा 'र' ओळीच्या वर उडायचा, तो मी मेल्यावरसुद्धा ओळखेन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पायाखाली नाही घातलं हो. कपाटात ठेवलंय माझ्या. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

"कुणाला बोललात?"

"टायपिस्टने बोलायचं नसतं. तेव्हा तरी कुठे बोलले? पहिली पाच प्रकरणं बाईंच्या अक्षरात आली. सहावं तुमच्या अक्षरात. मला वाटलं, त्यांना लिहवत नसेल, त्या सांगत असतील, तुम्ही उतरवून घेत असाल. तसंच होतं ना?"

मी हो म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता. मी टेबलावरच्या पेन्सिली सरळ लावत राहिलो. टायपिस्टबाई कप उचलून गेल्या.

११ जुलै, शुक्रवार

४१७चा निरोप, अकरा दहा. नेहमीपेक्षा लांब. जसाच्या तसा उतरवतो.

'आपल्याला पुन्हा पुन्हा त्रास देतेय, क्षमा करा. आधी मला हा प्रबंध फक्त स्वतःसाठी वाचायचा होता. आता कामासाठीही हवा आहे. आमच्या प्रयोगशाळेकडे त्या शहराच्या विहिरींचं काम आलंय. नळाचं पाणी कमी पडतं म्हणून सदतीस ते चाळीस या चार विहिरी पिण्यासाठी उघडायचा विचार चालू आहे. जुने उन्हाळी आकडे कुठेच नाहीत, फक्त या प्रबंधात असणार. त्यांच्या आधारावर ठरेल.'

सदतीस ते चाळीस. चाळीसातल्या नेमक्या त्याच चार.

आता लिहितोच. ती पाचवं प्रकरण संपवून सहाव्यात शिरली तेव्हा ताप सुरू झाला. उन्हाळ्यातले छत्तीस विहिरींचे नमुने तिने घेतले होते. राहिलेल्या चार विहिरी रेल्वेच्या यार्डापलीकडे होत्या, तिथवर ती जाऊ शकली नाही. इस्पितळात मला म्हणाली, "अर्धवट राहिलं तर राहू दे. अर्धवट म्हणून ठेव." मी हो म्हटलं आणि घरी येऊन सहावं प्रकरण लिहायला बसलो. तिला पदवी मिळाल्याचं तिने बघावं, एवढंच डोक्यात होतं. चार विहिरींचे आकडे मी शेजारच्या चार विहिरींवरून बसवले. कुठे थोडे वर, कुठे थोडे खाली. दशांशसुद्धा घातले, खरे वाटावेत म्हणून. मग 'हे काम सर्वस्वी माझे आहे' असं छापलेला कागद तिच्यासमोर धरला. तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तिने न वाचता सही केली.

सतरा दिवसांनी ती गेली. पदवी मी मंचावर जाऊन घेतली, पोर कडेवर. लोक रडत होते.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की तिची पदवी जाऊ नये म्हणून मी ते पुस्तक दडवलं. पण ते कुणी वाचत नव्हतं तोवर माझे आकडे निरुपद्रवी होते, हेही खरं. आता त्यांवरून माणसं पाणी पिणार. हे मागणारी ती असो वा आणखी कुणी, यापुढे मला कानावर हात ठेवता येणार नाही.

१५ जुलै, मंगळवार

संचालकबाईंना सगळं सांगितलं. पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी बोलत असताना त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

शेवटी म्हणाल्या, "मला हे समितीपुढे न्यावं लागेल. तुमच्यावर कारवाई होईल. आणि त्यांची पदवी... ती काढून घेऊ शकतात, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"तिने ती मागितली नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. "पाणीखात्याला मी आजच कळवते की त्या चार विहिरींचे आकडे वापरू नका. प्रबंध आपण लपवायचा नाही. तो खुला करू, पण पुढे एक पान जोडून. कुठवर त्यांचं आहे आणि कुठून तुमचं, ते ओळीनिशी लिहून द्या."

मी म्हटलं, सोपं आहे. जिना उतरताना पाय हलके वाटत होते, खोटं कशाला बोलू.

१९ जुलै, शनिवार

सोपं नाही.

चार दिवस सहावं प्रकरण समोर घेऊन बसलोय. तक्ता माझा, ते ठाऊक आहे. शेवटची पंधरा-वीस पानं माझी, हेही. पण सुरुवातीची पाच-सहा पानं तिची होती. ती एका वाक्याच्या मधेच थांबली होती, आणि ते वाक्य मी पुरं केलं होतं. कुठलं वाक्य? टायपिस्टबाईंना अक्षरातला फरक दिसू नये म्हणून मी तिची पानंसुद्धा माझ्या हाताने पुन्हा उतरवली, आणि तिची पानं फाडून टाकली. मी काम नीटनेटकं करतो, सगळे म्हणतात. इतकं नीटनेटकं केलंय की जोड मलाच सापडत नाही.

एखादं वाक्य वाचतो, वाटतं, हे तिचं. पुन्हा वाचतो, वाटतं, छे, हे मी तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न केलेला. टायपिस्टबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा पुसून पानं पाहिली आणि म्हणाल्या, "साहेब, सगळा 'र' एकसारखाच उडालाय. मशीनला काय माहीत!"

बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. पोर लहान होती, कामं होती. आज दुपारी तळघरात रडलो. माझ्या हातून तिचा शेवटचा शब्द हरवलाय, दुसऱ्या कुणाच्या नाही.

२१ जुलै, सोमवार

काल लेकीचा फोन आला नाही. गेल्या बारा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

सकाळी टायपिस्टबाईंनी प्रबंध स्कॅन केला, दोनशे बारा पानं. पुढचं पान मी लिहून दिलं. आधी लिहिलं होतं, 'सदर प्रबंधातील प्रकरण सहामधील काही भाग अन्य व्यक्तीकडून पूर्ण करण्यात आला आहे.' संचालकबाईंनी वाचून परत दिलं आणि म्हणाल्या, "करण्यात आला म्हणजे कुणी केला?" मग लिहिलं, 'सदतीस ते चाळीस या विहिरींचे उन्हाळी आकडे मी मनाने लिहिले. ते खोटे आहेत. सहाव्या प्रकरणाचा शेवटचा भागही मी लिहिला. लेखिकेला हे माहीत नव्हतं. तो भाग कुठून सुरू होतो ते मला आता सांगता येत नाही. मी तिचा नवरा.' खाली सही.

साडेदहाला प्रबंध खुला झाला. मी स्वतःच ४१७ला निरोप पाठवला: 'प्रत सापडली. माझ्याकडेच होती.' आणि अकरा दहाची वाट बघत बसलो.

अकरा दहाला संगणकावर काही आलं नाही. टेबलावरचा फोन वाजला.

"मिळालं, बाबा," लेक म्हणाली.

मला एकदम सगळं कळलं, आणि ते न कळण्यासाठी माणसाला किती मेहनत घ्यावी लागते तेही.

"चहाची सुट्टी आहे, दहा मिनिटं आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमचं पहिलं पान वाचलं. मग थेट सहावं प्रकरण काढलं."

"तू मला सरळ का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं की. आठ वर्षांची असताना. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग कशी विचारणार पुन्हा?" ती घाईघाईने बोलत होती. "वाटलं, नाव नसेल तर तुम्हाला सांगणं सोपं जाईल. तर तुम्ही मला आपलं 'सदर' आणि 'सबब'. चीड यायची, बाबा. खरंच यायची. मग कासवाचं लिहिलं. म्हटलं, आता तरी ओळखतील."

"मला वाटलं तुझी आई लिहितेय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी खरं सांगितलं असेन.

ती रडत असावी. मग म्हणाली, "आई कुठे थांबली ते तुम्हाला सापडत नाही असं लिहिलंय तुम्ही. मला सापडलं."

"तुला कसं सापडेल? तू चार वर्षांची होतीस."

"मला आईचं लिहिणं ठाऊक नाही. तुमचं ठाऊक आहे. सव्वीस वर्षं तेच ऐकतेय." पानं उलटल्याचा नव्हे, संगणकाची कळ दाबल्याचा आवाज आला. "पान एकशे नव्वद, खालून तिसरी ओळ. वाचते हं. 'उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती खारट होते ते मोजता येते; पण लोकांनी विहीर चवीमुळे सोडली की नळ आला म्हणून, हे पाण्याला विचारून कळत नाही, त्यासाठी माणसांच्या दारात जावे लागते, आणि दार उघडेपर्यंत'..."

ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे 'ही बाब प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे' असं आहे. ते तुम्ही आहात, बाबा. दारात कुणी आलं की तुम्ही असंच बोलता."

मी पान उघडलं. खालून तिसरी ओळ. तिथेच होतं. इतकं उघड होतं की मला लाज वाटली.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

तिने पुन्हा वाचलं, सावकाश, आईच्या आवाजात. आणि 'दार उघडेपर्यंत' म्हणून थांबली. पुढचा शब्द येईल म्हणून मी थांबलो होतो. सव्वीस वर्षांपूर्वी मी न थांबता तो स्वतःच लिहून टाकला होता.

तिची दहा मिनिटं केव्हाच संपून गेली होती.

"बाबा, आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "तू बोल."